जिभेखालची गोळी

पप्पांचं ऑपरेशन होण्यासारखं नाही, आता औषधांवरच दिवस काढायचे, असं हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मी कॉमर्सला आहे, तरी आईला वाटतं, मला सगळं समजतं.

"तू शिकतेस ना? मग तूच समजाव त्यांना," सिस्टर म्हणाल्या. छातीत दुखलं की आधी बसायचं. गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, विरघळू द्यायची. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर थेट हॉस्पिटल. मी घरी हे सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं. पप्पांनी मान डोलावली.

काही दिवसांनी दिंडोशीचा आमचा चढ चढून ते आले आणि छाती धरून बसले. गोळी जिभेखाली ठेवली. मला हायसं वाटलं. तेवढ्यात ते उठले, मोरीत गेले आणि थुंकले.

मरोळच्या कारखान्यात लागल्यापासून पप्पा तंबाखू खायचे. आता सोडलीय. पण तोंडात काही चुरचुरलं, पाणी सुटलं की थुंकायचं, हे अंगातच बसलंय.

"पप्पा, औषध थुंकलात तुम्ही!"

"मी? मी खंय थुकलंय?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना कळलंच नव्हतं.

मग मी रोज संध्याकाळी खडीसाखरेचा खडा देऊन सराव घ्यायला लागले.

"ह्या मास्तरणीन माका बालवाडीत घातल्यान," पप्पा म्हणायचे.

"नापास झालात तर चहा नाही हां," आई हसायची.

ते रोज पास व्हायचे. खडा पूर्ण विरघळायचा. मला वाटलं, जमलं. साखर गोड असते, गोळीसारखी चुरचुरत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

परवा सकाळी पुन्हा दुखायला लागलं. मी गोळी दिली आणि त्यांचे दोन्ही हात धरून समोर बसले. "थुंकू नका हां, पप्पा." त्यांनी मान हलवली. घामाने कपाळ भिजलं होतं. माझ्याकडेच बघत होते, आणि बघता बघता बाजूला वळून ते भिंतीकडे थुंकले. मग पुन्हा माझ्याकडे बघितलं, सगळं सांगितल्याप्रमाणे केल्यागत. दुसरी गोळीही तशीच गेली. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली.

हृदय आणखी कमजोर झालंय, असं डॉक्टर म्हणाले. असं पुन्हा होणार. "गोळी वेळेवर देत जा. घरच्यांना नीट समजाव."

मी हो म्हटलं. थुंकण्याचं सांगायला तोंड उघडलं होतं, पण ते पुढच्या पेशंटकडे वळले. आणि सांगून तरी त्यांनी काय केलं असतं, कोण जाणे.

बाहेर आई बाकड्यावर बसली होती.

"काय म्हणाले गं?"

"गोळी द्यायला सांगितलीय."

"ती तर देतोच ना आपण," आई म्हणाली.