मातीची चढाई

वर्षाली चढाईला निघाली की मैदानाच्या कडेला बसलेल्यांना जांभई येते, असे आमच्या महाविद्यालयात म्हटले जाई. म्हणणारे दुष्ट होते, खोटारडे नव्हते. कबड्डीत मध्यरेषा ओलांडलेला खेळाडू तापल्या तव्यावर पाय पडल्यासारखा उसळत असतो. ही मात्र पाण्यात उतरल्यासारखी जाई. पंचाला ऐकू जाईल इतक्याच आवाजात तिचे ‘कबड्डी, कबड्डी’ चाले, आणि त्याची लय एखाद्या मुलाला थोपटत असल्यासारखी असे. कडुनिंबांच्या मधून तिरपे ऊन येई, तिच्या घोट्यांभोवती धूळ उठे आणि परत बसायचे विसरून जाई. तिच्याकडे पाहता पाहता समोरच्या सात जणी सैल होत. मग केव्हातरी, कोणाला नेमके कळायच्या आत, तिचा हात एखादीच्या खांद्याला लागलेला असे आणि ती आपल्या बाजूला परत येऊन उभी असे, जणू गेलीच नव्हती.

मी तिला तीन वर्षे राज्यशास्त्र शिकवले. तिची उत्तरे सामान्य होती आणि हस्ताक्षर त्याहून सामान्य, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. ती वलगावची. वडिलांची पिठाची चक्की, आई मैनाबाई अंगणवाडीत सेविका. सकाळच्या एसटीने अमरावतीला यायचे, तास करायचे, सरावानंतर अंधार पडता पडता परत जायचे, असा तिचा क्रम होता. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन खेळाची शिक्षिका व्हावे, एवढी एकच इच्छा तिने माझ्यापाशी कधीतरी बोलून दाखवली होती. या राज्यात खेळाच्या शिक्षकाचे काय होते ते पाहायला तिला लांब जावे लागत नव्हते. आमचे ललित सर चाळिशी ओलांडूनही तासिका तत्त्वावर आहेत. संध्याकाळचा सराव हा ‘तास’ या व्याख्येत बसत नाही, म्हणून त्याचे मानधनही नाही.

मैदानाची कथा आणखी वेगळी. संस्थेने अर्धे मैदान ‘लॉन’ म्हणून लग्नांना देण्यास प्रारंभ केला, त्याविरुद्ध मी लेखी तक्रार केली आणि उत्तर मिळाले नाही. लग्नसराईत आदल्या रात्रीच्या अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या वाऱ्याने कबड्डीच्या चौकोनात येत. पिवळ्या तांदळांवर मुली सराव करीत. मला तो अपमान वाटे. वर्षालीला तसे वाटत नसे. वाकून एखादी पाकळी उचलून ती रेषेबाहेर ठेवी आणि पुन्हा चालू लागे.

आता तिच्या त्या चढाईविषयी, जिच्यामुळे पुढचे सारे घडले. वलगावला तिच्या मोहल्ल्यात पोळ्याच्या करीला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, मुलींचे सामने होत. तिथे रीत अशी होती की सामन्याची पहिली चढाई कोणाला बाद करण्यासाठी नसते. चढाई करणारीने समोरच्या अंगणात जायचे, वाकून तिथल्या मातीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि परत यायचे. तिला कोणी धरीत नसे. पुढच्या खेळात कोणाला कोणाचा पाय लागेल, त्याची माफी त्या मातीपाशी आधीच मागून ठेवलेली असे. तिला ‘मातीची चढाई’ म्हणत. वर्षालीने ही रीत न सांगता, न मिरवता आमच्या संघात आणली. प्रत्येक सामन्यात पहिली चढाई तिची, आणि ती रिकामी. एकदोनदा समोरच्यांनी तिला वाकलेली असतानाच धरले. तेव्हा ती हसत बाहेर जाऊन बसली आणि पुढच्या सामन्यात पुन्हा वाकली.

गेल्या डिसेंबरात आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. हे आमच्या महाविद्यालयात पूर्वी कधी घडले नव्हते. अंतिम सामना अकोल्याला, तिथल्याच महाविद्यालयाच्या संघाशी होता. उपांत्य सामना मात्र अगदी थोडक्यात जिंकला गेला आणि लगेच गावभर वाद पेटला: अंतिम सामन्यात मुख्य चढाईला वर्षालीच ठेवावी, की अकोटहून आलेल्या दुसऱ्या वर्षाच्या रश्मीला पुढे करावे? गिलावड्याच्या गाडीवर, स्टाफरूममध्ये, अगदी ग्रंथालयाच्या दारातही हाच विषय. ज्यांनी वर्षभर एक सामना पाहिला नव्हता त्यांची मते सर्वांत ठाम होती. रश्मी खरोखरच वेगवान होती. तिचा डावा पाय असा सुटे की समोरच्या डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूला तो लागून गेल्यावरच दिसे.

निर्णयासाठी क्रीडा समितीची बैठक झाली. बैठकीची सूचना नियमानुसार दिली गेली नव्हती, हा मुद्दा मी प्रथम मांडला आणि सर्वप्रथम तोच फेटाळला गेला. संस्थेचे सदस्य केशवराव यांनी उपांत्य सामना मोबाइलमध्ये टिपला होता. वर्षाली मातीला हात लावते त्या ठिकाणी चित्र थांबवून त्यांनी मोबाइल सर्वांसमोर फिरवला.

“ही पोरगी चढाईले जाते का दर्शनाले?” त्यांनी विचारले, आणि प्राचार्यांसह खोली हसली.

ललित सरांनी सांगून पाहिले की ती मैदानावर असली की बाकीच्या सहा जणींचा जीव ठिकाणावर राहतो. जीव ठिकाणावर राहण्याचे गुण किती, असे केशवरावांनी विचारले. मी म्हणालो, ज्या खेळाडूने संघ अंतिम फेरीपर्यंत आणला तिला तिच्या शेवटच्या वर्षी, शेवटच्या सामन्यात बाकावर बसवणे हा अन्याय आहे. त्यावर, हा नागरिकशास्त्राचा तास नाही, असे मला ऐकवण्यात आले. रश्मीचे वय, वेग, दम, उंची सगळ्यांची चर्चा झाली. तिचा तो डावा पाय अकोल्याच्या संघातल्या कोणावर पडणार आहे, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. शेवटी ठरले: सुरुवात रश्मी करील, वर्षाली राखीव, आणि ती पहिली रिकामी चढाई यापुढे बंद.

दुसऱ्या दिवशी ललित सरांनी मुलींना सांगितले तेव्हा मी तिथे होतो. वर्षाली “बरं सर” म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारले की मातीची चढाई मग कोण करेल. ती आता करायची नाही, असे सरांनी जमिनीकडे पाहत सांगितले. तिने पायाने एक अक्षत रेषेवरून बाजूला सारली.

संध्याकाळी ती मला बसथांब्यावर दिसली. वलगावची गाडी यायची होती. अंतिम सामना पाहायला विद्यापीठाच्या निवड समितीचे लोक येणार होते. तिथून मुली विद्यापीठाच्या संघात जाणार होत्या. विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलीला शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी प्रवेश मिळणे सोपे जाते. तिने रस्त्याकडे पाहतच मला विचारले, “सर, बाकावर बसलेल्याले पायतेत का ते लोकं?”

मी खोटे बोललो नाही. ते फक्त खेळणाऱ्यांना पाहतात, असे सांगितले. तिने मान हलवली. गाडी आली आणि ती चढून गेली. खिडकीच्या काचेत दिव्यांच्या रांगेबरोबर तिचा चेहरा थोडा वेळ सरकत राहिला.

अकोल्याला आम्ही पहाटेच निघालो. बडनेऱ्यानंतर धुके असे उतरले की रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होते ते कळेना. कापसाने भरलेले ट्रक समोरून येत, तेव्हा चाके दिसतच नसत. नुसता पांढरा ढीग हवेतून तरंगत गेल्यासारखा जाई. बाभळीच्या काट्यांना त्यातला कापूस अडकून राहिलेला होता. मुली एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या होत्या. रश्मी जागी होती, वर्षालीच्या शेजारी. रश्मीची वहिनी आरती अकोल्याच्याच महाविद्यालयात एम. ए. करत होती आणि त्यांच्या संघात खेळत होती. लग्नाला वर्ष झालेले नव्हते. रात्री वहिनीचा फोन आला होता, हे रश्मीने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. “म्हने, ननदबाई, घरी आल्या त पुरणपोळी. मैदानात आल्या त पकडच खा लागन.” झोपलेल्या मुलीही हसल्या. मूर्तिजापूर मागे गेले तेव्हा रश्मी वर्षालीच्या खांद्यावर डोके ठेवून झोपली होती, आणि वर्षाली काचेवरच्या दवातून बोटाने एक रेष ओढत होती.

सामना मॅटवर होता. निळी मॅट, वर पांढरे दिवे. पहिल्यांदा पाहताना ते मैदान नसून निश्चल तळे आहे असे वाटले. रश्मीने पहिल्याच चढाईत उजव्या कोपऱ्यातली मुलगी बाद केली. केशवरावांनी वळून माझ्याकडे पाहिले. पुढच्या चढाईत ती डावीकडे झेपावली, पाय सुटला आणि डाव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या आरतीच्या गुडघ्याला स्वच्छ लागला. गुण मिळाल्यातच जमा होता, नुसते परतायचे होते. पण रश्मीचा हात तिच्या नकळत खाली गेला. तिने वहिनीच्या गुडघ्याला हात लावला आणि तो कपाळाला नेला. पाय लागला की आपल्या घरांत लहानपणापासून हात असाच जातो. त्याला विचार करावा लागत नाही. तेवढा क्षण पुरला. अकोल्याच्या चौघी तिच्यावर पडल्या, आणि कमरेला मिठी आरतीचीच होती. सभागृह हसून लोटपोट झाले. ढिगाऱ्याखालून आरतीचा काळजीचा आवाज आला, “लागलं काय वो बाई?”

त्यानंतर रश्मीचा डावा पाय उठेना. ती डावीकडे जाई, पाय उचलल्यासारखे करी आणि तो मधेच विरघळे. तिची सगळी कला त्या पायात होती. मध्यंतरापर्यंत अकोला पुढे गेले आणि उत्तरार्धात आणखी पुढे. केशवराव आता मोबाइलमध्ये काही टिपत नव्हते.

शेवटची काही मिनिटे उरली असताना ललित सरांनी विश्रांती मागितली आणि समितीला न विचारता दुसऱ्या एका मुलीच्या जागी वर्षालीला उतरवले. पुढच्या सत्रात आपल्याला तास मिळणार की नाही हे ज्याला ठाऊक नसते, त्याने हे केले, याची नोंद इतरत्र होणार नाही म्हणून इथे करतो.

विश्रांतीत वर्षालीने रश्मीला हलकेच विचारले की पाय का अडतो. रश्मीच्या डोळ्यांत पाणी होते. “वहिनीले पाय लागते ना वो ताई. माहा पायच उठत नाही.”

वर्षालीने एकदा निवड समितीच्या खुर्च्यांकडे पाहिले. तिथले लोक आता सावरून बसले होते; हिचे नाव त्यांनी ऐकलेले होते. हाती वेळ थोडा, पिछाडी मोठी, आणि दाखवायचे होते ते एकदोन चढायांतच. मग ती निघाली, नेहमीसारखी, पाण्यात उतरल्यासारखी. गॅलरीतून टोमणे सुरू झाले. “झोपली काय वो ताई?” “उठवा रे कोनी तिले.” तिला ते ऐकू येत होते असे वाटले नाही. तो सगळा गोंगाट मला दूरच्या गावातल्या बाजारासारखा वाटू लागला आणि निळ्या पृष्ठावरून एकटी ती सरकत राहिली. डाव्या कोपऱ्यापाशी ती थांबली. वाकली. मॅटला हात लावला आणि कपाळाला लावला.

आरतीच्या हातात शेजारच्या मुलीचा हात होता. ती मुलगी झेप घ्यायला निघाली. आरतीने तो हात सोडला नाही. तीही अशाच कुठल्या गावात वाढली होती, की नुसतीच समजली, ते मला माहीत नाही.

वर्षाली परत आली, रिकामी. केशवरावांनी कपाळावर हात मारून घेतला. निवड समितीतल्या एका गृहस्थांनी पेनाला टोपण लावले. रश्मीजवळून जाताना वर्षाली एवढेच म्हणाली, “झाली माफी. आता लाव पाय.”

आणि तो पाय सुटला. पहिल्यांदा आरतीला लागला, रश्मी परतली आणि तिचा हात कपाळाकडे गेला नाही. आरती हसत बाहेर गेली. पुढे काय झाले ते मला तुकड्यातुकड्यांतच आठवते: पुन्हा तोच पाय, पुन्हा शिट्टी, वर्षालीने घट्ट धरून ठेवलेला कोणाचा तरी घोटा, आणि फलकावर आमचा आकडा एकाने पुढे.

विद्यापीठाच्या संघात रश्मीची निवड झाली. वर्षालीची झाली नाही. आमच्या क्रीडा समितीच्या इतिवृत्तात ‘संघात वेळीच केलेल्या बदलामुळे विजय प्राप्त झाला’ असा अभिनंदनाचा ठराव आहे. माझे भिन्न मत त्यात नोंदवावे, अशी मी लेखी मागणी केली आहे. ती अद्याप विचाराधीन आहे.

परतीच्या गाडीत मी वर्षालीला विचारले की शेवटी तरी ती चढाई स्वतःसाठी का केली नाही. मला राग आला होता, बहुधा तिचाच.

“सर, तिचा पाय बांधल्यासारखा झाला होता,” ती म्हणाली. “कोनाले तरी सोडवाले जाच लागे ना.”

आता ती सगळ्यांसारखी प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते आणि संध्याकाळी पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवायला मैदानावर येते. तिला कोणी बोलावलेले नाही, अर्थात मानधनही नाही. परवा मी तिथे उभा असताना विद्यापीठाच्या स्पर्धेहून रश्मीचा फोन आला. पहिल्या सामन्यात तिची पहिली चढाई रिकामी गेली होती आणि तिथल्या प्रशिक्षकांनी तिला सर्वांसमोर झापले होते.

“हात लावला काय मातीले?” वर्षालीने विचारले. पलीकडून काहीतरी उत्तर आले. “मॅट त मॅट,” ती म्हणाली, आणि फोन पिशवीत ठेवला.

लॉनवर कुठल्याशा लग्नाचा मांडव उतरवत होते. ऊन तिरपे झाले होते. नव्या मुली समोर रांगेत उभ्या होत्या. वर्षाली मध्यरेषेकडे चालू लागली, आणि त्या मुलींपैकी एकीला जांभई आली.