कॅसिनोने शोभाला ‘वं’ म्हटलं

या सदरातले गूढ अनुभव मी नेमाने वाचतो आणि हातात पेन्सिल घेऊन वाचतो. नागपुरातल्या एका छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली. त्यामुळे उद्या पिंपळाखाली कुणी पांढऱ्या साडीतली बाई भेटून काही बोललीच, तर मी आधी तिचं व्याकरण पाहीन. भूत, करणी, साडेसाती, नशीब... ही सगळी मंडळी मी एकाच खणात ठेवली आहेत आणि तो खण उघडायची कधी गरज पडली नाही. तरीही हे लिहितोय, कारण जे घडलं ते माझ्याच धंद्यातलं होतं. एका शब्दाचं होतं.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद व्हायच्या आधीची ही गोष्ट. माझी धाकटी बहीण शोभा कामठीला असते. तिचे यजमान मधुकरराव सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि ऑनलाइन कॅसिनोत रुजू झाले. रुजू हाच शब्द बरोबर आहे. अंघोळ, पूजा, नाश्ता, मग कचेरीच्या वेळेला चष्मा पुसून मोबाईल समोर. मधल्या सुट्टीत जेवण, तेही शोभाने चारदा हाका मारल्यावर.

“जुगार नाही दादा हा,” ते मला सांगत. “जुगार येडे लोक खेळतात. मी स्ट्रॅटेजी खेळून राहिलो.”

स्ट्रॅटेजी होती, हे मान्य केलं पाहिजे. फिरत्या चक्रांचे आणि चेंडूचे खेळ ते शिवत नसत – ‘ते नशिबाचं काम’. त्यांचा खेळ एकच, ब्लॅकजॅक. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ न्याल तितकं चांगलं, पलीकडे गेलात की बाद. आपली बेरीज किती आणि समोरच्याचं उघडं पान कोणतं, यावरून आणखी पान घ्यायचं की थांबायचं हे सांगणारा एक तक्ता असतो. मधुकररावांनी तो लॅमिनेट करून घेतला होता. बोनसच्या अटी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. मी कुतूहलाने थोडं वाचून पाहिलं – तक्ता गणिताने बरोबर आहे. फक्त तो तोटा कमी करतो, संपवत नाही. हे मी बोलून दाखवलं.

“दादा, तुमी पुस्तकातलं सांगून राहिले,” ते म्हणाले. “मी टेबलावरचं सांगून राहिलो.”

टेबल म्हणजे त्यांच्या घरचं जेवायचं टेबल.

मला खरा त्रास व्हायचा तो त्या ॲपच्या मराठीचा. कुणीतरी इंग्रजी यंत्रात घालून मराठी बाहेर काढली होती. पान मागायच्या बटणावर लिहिलं होतं ‘मारा’. थांबायचं तर ‘उभे रहा’. एकसारखी दोन पानं आली तर वेगळी करायला ‘विभक्त व्हा’. आपण हरलो की पडद्यावर झगमगाट करत यायचं – ‘घर जिंकले!’ घर म्हणजे इंग्रजीतलं ‘हाउस’, खुद्द कॅसिनो. मधुकररावांचं घर मात्र काहीच जिंकत नव्हतं. शिवाय पदव्या. आधी शिलेदार, मग सरदार, मग सम्राट. आमचे जावई सम्राट होते. दर आठवड्याला ठरावीक खेळ झाला नाही तर सम्राटाचा पुन्हा सरदार व्हायचा, आणि नोकरीत पदोन्नती चुकलेल्या माणसाला ते सोसणारं नव्हतं.

अशात त्यांना पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं. दवाखाना प्रताप नगरात, माझ्या घरापासून चालत जाण्यासारखा. शोभा माझ्याकडे येऊन राहिली. माझी बायको त्या दिवसांत मुलीकडे गेली होती, म्हणजे घरात आम्ही दोघंच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मधुकरराव भरती झाले. हाताला सलाईन, आणि सिस्टरने रागावून दोनदा मोबाईल खाली ठेवायला लावला. शेवटी त्यांनी तो शोभाच्या हातात दिला. सोबत तक्ता.

“आज शेवटचा दिवस आहे. सम्राट टिकेल इतकंच खेळ. तक्ता सोडू नको.”

“तुमचं पोट फाडून राहिले उद्या,” शोभा म्हणाली, “आन् तुमाले सम्राट व्हायचं पडलं?”

पण घरी आल्यावर, दुपारची भांडी आवरून, ती माझ्या टेबलाशी बसली. तक्ता पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. मी समोर वर्तमानपत्र घेऊन. सुरुवातीला ती जिंकली. “सोपं तर आहे, दादा!” मग हरू लागली. मी पाहत होतो, एकही चाल तक्त्याबाहेरची नव्हती. ती शाळेत गणितात पहिली यायची. चेहराही शाळेतलाच झाला होता, ओठ दाबलेला.

“शोभा, झालं ना सम्राटाचं? चल, दवाखान्यात जाऊ.”

“थांब. बरोबर खेळून राहिली ना मी? पाह्य तू. चूक आहे का कुठं?”

“नाही.”

“मंग हरून काहून राहिली?”

याचं उत्तर मला येत होतं. मी ते समजावून सांगितलं, शक्यतेचा नियम वगैरे, आणि सांगताना मला दिसत होतं की तिला फक्त पहिला शब्द ऐकू आला – नाही. चूक नाही. चूक नसेल तर पैसे परत यायलाच हवेत.

खात्यातले खेळायचे पैसे संपले. तिने ‘ठेव भरा’ दाबलं. बँकेच्या त्या खात्यात त्या दिवशी एकच मोठी रक्कम होती, संध्याकाळी दवाखान्यात भरायची. ती भरल्याशिवाय सकाळी ऑपरेशन होणार नव्हतं.

“शोभा, ते दवाखान्याचे आहेत.”

“माहीत आहे मले. अर्ध्या तासात परत टाकते.”

पिन तिला ठाऊक होता. तिने टाकला. पण पैसे गेले नाहीत, गोल नुसतं फिरत राहिलं. तिने पुन्हा टाकला. पुन्हा गोल. मग मदतीची खिडकी उघडली – ‘मी आपली काय सेवा करू शकतो, सम्राट?’ शोभाने इंग्रजी अक्षरांत लिहिलं, ‘paise jama hot nahi’. ताबडतोब उत्तर आलं:

‘आदरणीय श्री मधुकर, आपली विनंती प्रक्रियेत आहे. कृपया संयम बाळगा.’

मग तीन ठिपके हलत राहिले. जरा जास्तच वेळ. आणि त्याच अक्षरांत, त्याच निळ्या चौकटीत खाली आलं:

‘राहू दे वं आता. ऊठ. तो वाट पाहून राहिला.’

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे पुरुषाला हाक मारताना ‘गा’ म्हणतात आणि बाईला ‘वं’. यात कुणाची चूक होत नाही, लहान पोराचीसुद्धा नाही. खातं मधुकररावांचं. फोटो त्यांचा, मिशीसकट. इतके महिने ते ॲप त्या खात्याला ‘आदरणीय श्री’ म्हणत आलं होतं. आणि त्या क्षणी मोबाईल बाईच्या हातात आहे, हे आम्हा तिघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मी शोभाला शोभाच म्हणतो, ‘वं’ म्हणत नाही.

शोभाने ते वाचलं. मोबाईल माझ्याकडे फिरवला. मी वाचलं. तिने मोबाईल उपडा ठेवला आणि खरोखर उठली, कुणी दारातून हाक मारावी तशी. “चल,” एवढंच म्हणाली. दवाखान्यात आम्ही पैसे भरले, मगच वर गेलो.

“किती वेळची वाट पाहून राहिलो मी,” मधुकरराव म्हणाले. आता, दवाखान्यातला प्रत्येक माणूस वाटच पाहत असतो. याला मी पुरावा म्हणत नाही.

ऑपरेशन नीट झालं.

पुढे मी माझ्या परीने तपास केला. त्या खिडकीतला सगळा संवाद पुसला गेला होता; ॲप बंद केलं की तो पुसलाच जायचा. मी कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर आलं की मराठी संवाद यंत्र सांभाळतं, तिथे माणूस बसत नाही, आणि त्यांच्या नोंदीत त्या दुपारी ‘संयम बाळगा’ याच्यापुढे काही नाही. ते खोटं बोलत असतील. समजा, आमच्या इकडचाच, कन्हानचा कुणी पोरगा तिथे रात्रंदिवस कामाला असेल आणि त्याने गंमत केली असेल. मग समोर ‘वं’ म्हणावं अशी बाई आहे, हे त्याला कसं कळलं? मोबाईल आमचं बोलणं ऐकत असेल – ऐकतात म्हणे. तेही मानू. पण ज्या दुकानाचा सगळा धंदा गिऱ्हाईक बसून राहण्यावर चालतो, ते दुकान पैसे हातात यायच्या बेतात असताना गिऱ्हाइकाला ऊठ का म्हणेल? या ठिकाणी माझी पेन्सिल थांबते. मुद्रितात न समजलेल्या जागी आम्ही समासात प्रश्नचिन्ह काढून पुढे जायचो. इथे पुढे जाता येत नाही.

मधुकररावांना हे आम्ही ते घरी आल्यावर सांगितलं. त्यांना पटलं नाही. टाके ओले होते तरी ते उशीला टेकून मोबाईल घेऊन बसले आणि त्या खिडकीत लिहू लागले. आधी शुद्ध भाषेत, मग आमच्या भाषेत. ‘काहून गा, बोलत काहून नाही?’ उत्तर आलं, ‘आदरणीय श्री मधुकर, आपला प्रश्न समजला नाही.’ त्यांनी सकाळी विचारलं, दुपारी विचारलं. प्रत्येक वेळी आदरणीय श्री.

तिसऱ्या दिवशी मी कामठीला गेलो, तेव्हा शोभा स्वयंपाकघरात होती आणि मोबाईल पलंगावर पडला होता. मला वाटलं, मधुकरराव झोपलेत. ते जागे होते.

“दादा, खोटं नाही ना बोलून राहिले तुमी?”

“नाही.”

त्यांनी पलंगावरचा मोबाईल उपडा केला.

“तिले अर्ध्या दुपारीत म्हटलं,” ते म्हणाले. “मी किती दिवस बसलो तिथं. जेवणं थंडी होऊन गेली. मले एकदाही कोणी ‘ऊठ गा’ नाही म्हटलं.”

आतून शोभाने ताट वाढल्याची हाक दिली. ते पोटावर हात धरून, सावकाश, पहिल्याच हाकेला उठले.