अक्कांनी न केलेली खोली

कुणाच्याही घरात शिरल्या की अक्का आधी दिवे बंद करायच्या. घर कुणाचं, समोर बसलंय कोण, याची फिकीर नसायची. चपला काढायच्या आणि हात थेट बटणांवर. ट्यूब, झुंबर, देवघरातली रंगीत बल्बांची माळ, सगळं फट् फट् बंद. मग खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "हां. आता दिसायला लागलं."

माझ्या दुकानातही त्यांनी हेच केलं. कळंबा रस्त्याला माझं टाईल्स, ग्रॅनाइट आणि सनमायकाचं दुकान आहे. आमच्या धंद्यात निम्मा माल दिवाच विकतो. त्या दिवशी एक गिऱ्हाईक, नवराबायको, इटालियन डिझाइनच्या टाईलसमोर उभे होते. सौदा ठरल्यात जमा होता. तेवढ्यात सुती साडीतली, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली पन्नाशीची बाई त्यांच्यामागून आत आली आणि तिने अख्खा हॉल अंधारात घातला.

"ओ बाई! काय चाललंय?" मी गल्ल्यावरून ओरडलो.

"पावणं, ओरडू नका की. यांनी फरशी घरात घालायची हाय, तुमच्या दुकानात न्हाई. घरात कशी दिसती ते बघू दे त्यांना."

बाई त्या गिऱ्हाइकाच्याच डिझायनर निघाल्या. नवराबायकोने टाईल दारापर्यंत नेली, उन्हात धरली, एकमेकांकडे बघितलं आणि ठेवून निघून गेले. मग मी अक्कांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी स्टुलावर बसून, पिशवी मांडीवर घेऊन सगळं ऐकलं. मला धाप लागली तेव्हा म्हणाल्या, "झालं? चहा सांगा मग."

अक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातल्या. घरात कन्नड, बाहेर मराठी. मुंबईला इंटिरियरचं शिकून आल्या आणि कोल्हापुरात काम करू लागल्या. गवंडी, सुतार, रंगारी, गिऱ्हाईक, सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. तिकडं थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. मला त्या आधी 'पावणं' म्हणायच्या. पहिल्या भांडणानंतर 'तम्मा' म्हणायला लागल्या, म्हणजे धाकटा भाऊ, आणि त्याच दिवसापासून अहो-जाहोही संपलं. माझी परवानगी कुणी विचारली नाही.

आता अक्का नाहीत. लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलतात. मीही बोलणार आहे, पण माझी एक तक्रार आहे आणि ती मी सोडणार नाही. अक्कांनी माझं सगळं घर केलं आणि माझी खोली तेवढी केली नाही.

ही तक्रार छोटी वाटेल. माझं लहानपण मुरगुडात पत्र्याच्या एका खोलीत गेलं. पुस्तक उघडलं की शेजारीच आई भाकरी थापायची, झोपलो की कुठल्या तरी भावाचा पाय अंगावर. कुठं एकटं बसायची सोय नव्हती. पुढं कोल्हापुरात येऊन ट्रकमधून फरशा उतरवल्या आणि नंतर त्याच फरशा विकल्या. पण तेव्हापासून डोक्यात एकच होतं. घर बांधीन तेव्हा त्यात एक खोली फक्त माझी असेल. दार लावलं की आत मी एकटा. त्या खोलीसाठी मी घर बांधलं म्हटलं तरी चालेल.

मग अशा बाईच्या हातात ते घर दिलं कशाला? बायकोमुळे. सुमन एका घरी हळदीकुंकवाला गेली होती. ते घर अक्कांनी केलेलं. परत आली ती वेगळ्याच तारेत. म्हणाली, "भर दुपारी ट्यूब न लावता गहू निवडता येतात त्या घरात. आणि भिंतीला टेकलं तर गार वाटतं, पण ओलसर नाही." मी म्हटलं, चुन्याचा गिलावा असेल, जुनी पद्धत. ती म्हणाली, "मग ती पद्धत आपल्याला पण पाहिजे." कळंब्याला तळ्याजवळ आमच्या घराचे कॉलम उभे होते, स्लॅब पडले होते. सुमनने मला न विचारता अक्कांना बोलावलं.

अक्कांच्या कामाची रीत अशी. खोली अजून उघडीबोडकी असतानाच तिथं एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायची आणि ज्याची ती खोली होणार त्याला दिवसभर तिथं बसवायचं. माणूस कितीही शहाणा असला तरी ऊन डोळ्यावर आलं की खुर्ची सरकवतो, थंडी वाजली की उन्हाकडे ओढतो. प्रत्येक वेळी अक्का विटेचा तुकडा घेऊन जमिनीवर खूण करायच्या. संध्याकाळपर्यंत खुणांची एक वाट तयार व्हायची. खिडकी कुठं, दगडी कट्टा कुठं, कुठली भिंत जाड ठेवायची, सगळं त्या वाटेवरून ठरायचं. सुमन स्वयंपाकघरात बसली, हॉलमध्ये बसली, जिन्याखाली बसली. मटकी निवडत, फोनवर बहिणीशी बोलत, मजेत. तिच्या खुणांवर आमचं खालचं सगळं घर उभं आहे.

राहिलं सामानाचं. मी हट्ट धरला की घरात माझ्या दुकानातला माल लागलाच पाहिजे. गिऱ्हाईक घरी येतं, ते काय म्हणेल? स्वतः विकतो आणि स्वतः लावत नाही?

"लाव की हॉलला तुझी टाईल," अक्का म्हणाल्या. "पण मग फॉल्स सीलिंग सोडायचं. वरच्या झरोक्याचं ऊन अडतंय त्यानं."

"सीलिंग सोडलं तर झुंबर कुठं लावू?"

"दुकानात लाव. तिथं अंधार हाय."

मी आयुष्यभर सौदे केले. पैशावर घासाघीस करणारा माणूस मला दोन वाक्यांत कळतो. ही बाई उजेडावर घासाघीस करायची. तिला काय पाहिजे ते कळायचं, पण त्यासाठी ती किती सोडेल याचा अंदाज यायचा नाही, आणि तिथं मी मार खायचो. शेवटी ओट्याला ग्रॅनाइट माझा आणि बाथरूमच्या टाईल्स माझ्या, एवढ्यावर तडजोड झाली. हॉलला शहाबादी गेली. जिन्याच्या भिंतीला जांभा, तोसुद्धा गगनबावड्याकडून खास मागवलेला. आमच्याकडे जांभा कुंपणाला लावतात. पावणेरावळे बघून म्हणाले, घराच्या आत कुंपण का घातलंय?

एकदा सुतारासमोर अक्कांनी मला डोळे मिटायला लावले आणि दोन फळ्यांवर हात ठेवायला सांगितलं. एक खऱ्या आयनाच्या लाकडाची, एक माझ्या दुकानातल्या लॅमिनेटची. "वळख तुझी कुठली?"

मी लगेच ओळखली. माझा माल मी ओळखणार नाही? "ही. गारढोण लागते ती."

"बघ. तूच बोललास," म्हणून हसल्या. सुतारही हसला.

माझं डोकं फिरलं. "अक्का, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा माणूस माझ्याकडे येतो. त्याला मी आयन सांगू? सागवान सांगू? लॅमिनेट आहे म्हणून त्याच्या घरात कपाट आहे. तुमचा दगड, तुमचं लाकूड बंगलेवाल्यांचे लाड आहेत."

अक्कांनी लॅमिनेटची फळी परत हातात घेतली. मग म्हणाल्या, "खरं हाय तुझं. त्याला लॅमिनेटच दे. फक्त कपाट खिडकीसमोर उभं करू नको म्हणून सांग. एवढं सांगायला काय लागत न्हाई." तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला ते सांगतो. ऐकणारे ऐकतात.

माझी खोली गच्चीवर होती, पूर्वेला आणि पश्चिमेला दोन्हीकडे उघडी. पश्चिमेला खाली तळं. अक्कांनी दोन्ही भिंतींत मोठाली भोकं ठेवली आणि म्हणाल्या, "कुठलं बुजवायचं नि कुठलं ठेवायचं ते तू बसल्यावर."

"मी कधी बसू? दुकान कोण बघणार?"

"ते मला काय म्हाईत? एक दिवस दे."

मी एक तास देतो म्हटलं. त्या हलल्या नाहीत. दोन तास म्हटलं, अर्धा दिवस म्हटलं. बाकी सगळ्या घरात त्यांनी देवाणघेवाण केली, पण ही एकच गोष्ट त्या सोडायला तयार नव्हत्या. मग मी धंदेवाईक मार्ग काढला. दुकानातला माझा जुना माणूस, सदाशिव, त्याला बदली म्हणून वर नेऊन बसवला. उंची माझ्याएवढीच, वयही तेच. ऊन लागलं की खुर्ची हलव आणि खूण कर, असं नीट समजावून दिलं.

संध्याकाळी अक्का आल्या. जमिनीवर एकच खूण. सदाशिव भिंतीच्या सावलीत गाढ झोपला होता.

"मालक, लई दिवसांनी अशी झोप लागली," तो डोळे चोळत म्हणाला.

अक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "तम्मा, खोली झकास हुईल यांची. पलंग कुठं ठेवायचा ते तर कळलंच. नावाची पाटी पण सदाशिवच्याच नावाची करू काय?"

वास्तुशांत झाली तेव्हा सगळं घर तयार होतं आणि गच्चीवरची खोली तशीच होती. विटा उघड्या, भोकांना प्लॅस्टिकचा कागद ठोकलेला. सत्यनारायणाच्या प्रसादाला आलेले लोक खाली शहाबादीवरून अनवाणी फिरत होते, जांभ्यावरून हात फिरवत होते आणि सुमनला म्हणत होते, काय उजेड आहे हो तुमच्या घरात. मला कुणी काही म्हटलं नाही. मी अक्कांना जिन्यात गाठलं आणि पाहुण्यांसमोरच बोललो. घर माझं, घाम माझा आणि मलाच जागा नाही? अक्कांनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला. कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या आणि मराठीत म्हणाल्या, "अंदाजानं खोली करायला मला येत न्हाई. सुमनला मी बघितलंय. तुला मी इथं दिवसा बसलेला बघितलंच न्हाई कधी."

त्यानंतर बराच काळ आमचं बोलणं बंद होतं. सुमनचं चालू होतं. शेवटी मीच फोन केला.

"अक्का, खोली करताय की दुसऱ्याला देऊ?"

"दे की."

"म्हणजे?"

"म्हणजे दे. चांगली करंल तो. कपाट करंल, पलंग करंल, छताला निळ्या लायटी लावंल. तुला काय, तू रात्रीच येणार."

"घराचा मालक मी आहे!"

"व्हय. पण त्या खोलीत तू अजून आलाच न्हाईस, तम्मा. आल्यावर सांग, मी यते."

मी फोन आपटला. पाऊस संपता संपता बातमी आली की एका नव्या घराच्या जिन्यावर बसल्या बसल्या अक्का गेल्या. जिवंत माणसाशी भांडता येतं, भाव करता येतो, चार दिवसांनी परत फोन करता येतो. आता काय करायचं? गडहिंग्लजला जाऊन आलो. त्यांच्या भावाला भेटलो.

मग दुसरा डिझायनर बोलावला. पोरगा हुशार, वागायला नम्र. लॅपटॉपवर त्याने माझी खोली तयार करून दाखवली. बटण दाबलं की सकाळचं ऊन, दाबलं की संध्याकाळचं. मी विचारलं, "तुम्ही दुपारी या खोलीत येऊन बसलाय का?" तो म्हणाला, "गरज पडत नाही सर." त्याचं बरोबरही असेल. पण मला असा काही राग आला की तो चहा न घेताच निघाला.

त्याच रविवारी मी वर जाऊन बसलो. पाच मिनिटांत गुजरातहून माल घेऊन ट्रक आल्याचा फोन आला, उठलो. पुढच्या रविवारी फोन खाली ठेवून गेलो. बसवत नव्हतं. पाय हलत होता, हात रिकामे होते, खाली कोण कोण आलं असेल याचाच विचार. कावळे ओरडत होते त्यांचाही राग आला. मध्येच लक्षात आलं की खुर्ची मघाशी होती तिथं नाही. ती मी कधी सरकवली ते मलाच कळलं नव्हतं. विटेचा तुकडा शोधून खूण केली. असे काही रविवार गेले. त्या खुणांवरून मी पूर्वेची बाजू करून घेतली. खिडकी ठेवली, खाली काळ्या दगडाचा कट्टा, भिंतीला चुना. गवंड्याला शिव्या घालून, तीनतीनदा घोटून घेऊन. बरी झाली आहे.

पश्चिमेची बाजू तशीच आहे. दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत मी बसू शकतो, त्यापुढं मला दुकान दिसायला लागतं. रविवारचा धंदा दुपारनंतरच असतो. येणारा प्रत्येक जण विचारतो, निम्मंच काम का? मी सांगतो, डिझायनर बाई टाकून गेल्या. हे मी खोटं सांगत नाही. त्या गेल्याच.

परवा सुमन गच्चीवर सांडगे वाळत घालून आली आणि सहज म्हणाली, "दुपार कलली की तुमच्या खोलीच्या छताला तळ्याचं पाणी येतं."

"गळतंय?"

"गळत नाही हो. पाण्यावरचं ऊन. कागद बाजूला केला की छतभर हलत असतं. अक्का आणि मी कितीदा बघत बसायचो."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुम्ही कधी होता?"

रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. माझ्या खोलीच्या छतावर काय चालतं ते त्या बाईला माहीत होतं, सुमनला माहीत होतं, आणि मला नाही. सकाळी दुकान उघडलं आणि सदाशिवला सांगितलं की गुरुवारी दुपारनंतर दुकान तूच बघायचं, मी नाही.

त्याचा चेहरा उतरला. "मालक, दवाखान्यात जायचं हाय काय? बरं न्हाई?"

"बरा आहे," मी म्हटलं. "घरी बसायचंय."