बेवारस किल्ली

ऑफिसात तिला सगळे किल्लीताई म्हणत, पण तिच्याकडे लोखंडाची एकही किल्ली नव्हती. कंपनी दवाखान्यांचे एक्स-रे क्लाउडवर, म्हणजे कुठल्या तरी भाड्याच्या संगणकांवर, कुलूपबंद करून ठेवायची. ती कुलपं उघडणाऱ्या चारशे बारा डिजिटल किल्ल्या तपासणं हे तिचं काम. त्यासाठी तिने चाचण्या लिहून ठेवल्या होत्या, त्या रोज सकाळी आपोआप चालत. किल्ली वेळेवर बदलली का, ती कोण वापरू शकतं, तिला जबाबदार कोण. सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरव्या ओळी.

बाकीचे घरून काम करायचे. ही मात्र रोज तिसऱ्या मजल्यावर येऊन बसायची. नवरा गेल्यापासून घरात फक्त फ्रीज बोलतो, असं ती हसत सांगे, ऐकायला कोणी असलं तर.

एका मंगळवारी एक ओळ लाल आली. एक किल्ली कोणीतरी पुसायला लावली होती, ती कायमची जायला सहा दिवस उरले होते. जबाबदार म्हणून नाव होतं ते चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं. तिने साहेबांना फोन लावला.

"मीच लावली पुसायला," साहेब म्हणाले. "वर्षभरात कोणी हात लावलेला नाही तिला."

"पण त्या किल्लीने काय कुलूपबंद केलंय?"

"ते तुम्हीच बघा. शुक्रवारपर्यंत सांगा."

एकदा किल्ली पुसली की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी आतलं उघडणार नव्हतं. दोन दिवस तिने जुन्या नोंदी उपसल्या, हाती काही लागलं नाही. शेवटी तिने त्या गृहस्थांचा नंबर मिळवला. सगळे त्यांना काका म्हणायचे. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"काका, मी ऑफिसातून बोलतेय. किल्ल्या तपासते ती."

"बोल बाळ, बोल," ते म्हणाले, आणि स्वतःच बोलत सुटले. गुडघा, मोतीबिंदू, महिन्यातून एकदा फोन करणारी लेक. तिने मध्ये तोडलं नाही. मग किल्लीचा विषय काढला.

"ती होय? एक दवाखाना बंद पडला ना, त्याचे एक्स-रे आहेत त्यात. वर्षा-दोन वर्षांनी एखादा पेशंट मागायला येतो. पुसू नका गं."

तिने खात्री करून घेतली. त्या किल्लीखाली साडेनऊ हजार माणसांचे एक्स-रे होते. पुसणं रद्द झालं, जबाबदार म्हणून तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि एक नवी चाचणी जोडली: किल्लीचा जबाबदार माणूस अजून नोकरीत आहे ना? दुसऱ्याच दिवशी सकाळी एकोणीस ओळी लाल झाल्या. तिने साहेबांना सगळं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर एका शब्दाचं आलं, "ठीक."

तिला कोणाला तरी सांगावंसं वाटलं. शनिवारी दुपारी तिने काकांना पुन्हा फोन केला.

"कोण बोलतंय?"

"मी, काका. परवा बोललो आपण. किल्लीचं."

"कसली किल्ली?" त्यांचा आवाज गोंधळला. "लेक का तू?"

ती खुर्ची ओढून बसली आणि तिने विचारलं, "नाही काका. गुडघा कसा आहे आता?"