क्लॅरीचा ताण, एक ते पाच

चौतीस वर्षांच्या नोकरीत क्लॅरी टकफील्डने साखळी एकदाच थांबवली. तीसुद्धा विद्यापीठाने त्याला अत्यंत सुखी कामगार ठरवल्यावर बाराव्या दिवशी.

साखळी म्हणजे आमच्या कोरामूकच्या कत्तलखान्यातली, छताखालून सरकणारी. तिला मेंढ्या उलट्या टांगलेल्या असतात आणि खाली रांगेत साठ माणसं सुऱ्या घेऊन उभी असतात. क्लॅरीकडे खांदे होते. दर बावीस सेकंदाला एक खांदा समोर यायचा, आणि पुढचा यायच्या आत त्याने त्यातलं हाड सोडवायचं. हा माझ्या नोलीनमावशीचा नवरा. मी त्यांच्याच मागच्या खोलीत राहतो, म्हणून गावाला माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती. क्लॅरीकाका रोज पहाटे उठायचा तेव्हा त्याच्या उजव्या हाताची मूठ वळलेली असायची, झोपेतही सुरी धरल्यासारखी. ती आपोआप उघडायची नाही. मावशी पातेल्यात कोमट पाणी घ्यायची, मूठ त्यात बुडवायची आणि करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट सोडवायची. अंगठा सुटला की काका चहाचा कप धरायचा नि म्हणायचा, "झकास."

ईस्टरनंतर फाटकावरच्या वजनकाट्याची जागा रिकामी होणार होती. खुर्चीत बसायचं, ट्रकचं वजन लिहायचं, फाटकाचा दांडा वर करायचा. काकाला ती जागा हवी होती, नुसती हवी नव्हे, त्याच्या हाताची तेवढीच आशा उरली होती. पण मागणार कसा? आमच्याकडे माणसाचा पाय तुटून बाजूला पडला तरी "कसं काय?" विचारल्यावर "वाईट नाही" म्हणायचं असतं. काकाने मॅनेजर डॅरिल पिमकडे जो काही अर्ज केला, तो एवढाच: "फाटकाजवळ सकाळी ऊन छान येतं, नाही?"

डॅरिल म्हणाला, "हो, येतं." आणि निघून गेला.

अशात विद्यापीठातून डॉक्टर फेनेला क्रॉस्बी अवतरल्या. या डॉक्टर मनाच्या. काम, ताण, आरोग्य आणि 'आपण कोण' ही भावना, या सगळ्याचं एकमेकांशी काय नातं असतं हे शोधायला त्यांना आमचाच कत्तलखाना सापडला. गावात बारावी होऊन उरलेला मी एकटाच, म्हणून त्यांनी मला मदतनीस घेतलं. पहिल्याच दिवशी सांगितलं, "तू लेबलं चिकटव. विचार करायला आम्ही आहोत."

प्रश्नपत्रिका प्रत्येकाने एकांतात, मोकळ्या मनाने भरायची होती. म्हणून बाईंनी ती चहाच्या सुट्टीत, जेवणघरातल्या लांब टेबलावर, साठ जणांना एकदम वाटली. ताण एक ते पाच. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे असह्य.

"ए स्पड, तीनवर गोल केलास? आईला बोलावू का रे तुझ्या?"

"पेन घसरलं."

"खोड मग. खोड, खोड! च्यायला, आपल्यात बाळ निघालं."

रांगेत काकाच्या शेजारी उभा राहणाऱ्या स्पडने खोडलं आणि एकवर गोल केला. काकाने प्रश्न मोठ्याने वाचला, "तुम्हाला झोप कशी लागते?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "डोळे मिटून." टेबल हसलं. काकाचाही एकवर गोल. डोकेदुखी, एक. हातपाय दुखणे, एक. पेन त्याने मुठीत सुरीसारखं धरलं होतं, हे बाईंना दिसलं नाही. त्या खिडकीतून मेंढ्या बघत होत्या.

शेवटच्या पानावर एकच वाक्य वीस वेळा छापलेलं: "मी ______ आहे."

"बाई, वीस?" काका म्हणाला. "मी एकच आहे."

"मनात येईल ते लिहा, क्लॅरी. तुम्ही स्वतःला काय समजता तेच आम्हाला हवंय."

काकाने पहिल्या ओळीत लिहिलं, 'हाडं सोडवणारा'. खाली एकोणीस ओळींत 'वरीलप्रमाणे'च्या खुणा केल्या. बाईंनी ते पान असं उचललं की जणू त्यांना खाणीत सोनं सापडलं.

दुसरा भाग थुंकीचा. सकाळी उठल्याबरोबर कापसाची सुरळी चघळायची, नळीत घालून आणून द्यायची. शरीरात ताण किती आहे ते थुंकीतून कळतं म्हणे. स्पडला कापूस तोंडात धरवेना, त्याने तो आपल्या मिट्झी नावाच्या कुत्रीला चघळायला दिला. नंबर सतराच्या नळीला तांबूस केस चिकटला होता. मला विचार करायची परवानगी नव्हती, मी लेबल चिकटवलं.

महिन्याभराने प्रयोगशाळेतून आकडे आले. बाई कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या.

"हा नंबर एकतीस बघ. इतका ताण? हे शक्यच नाही."

"का शक्य नाही?"

"अरे, सगळीकडे एक भरलाय त्याने! नमुना खराब झाला असणार." त्यांनी एकतीसची थुंकी खोडली. "याउलट हा सतरा बघ. लिहिलेलं आणि थुंकी, दोन्ही कसं तंतोतंत जुळतंय. काय शांत माणूस आहे!"

"बाई, मी एकतीसच्या घरात राहतो. त्यांचा उजवा हात..."

बाईंनी दोन्ही कान झाकले. "नाव सांगू नकोस! गोपनीयता म्हणजे काय कळतं का तुला?"

आता कळलं होतं. खरं काय आहे ते कानावर पडू नये म्हणून घ्यायची काळजी.

निष्कर्ष सांगायला बोलिंग क्लबात सभा भरली. पावात सॉसेज, बिअर, बायकामुलं, भिंतीवर आलेख. बाई म्हणाल्या, कुणाचंही नाव घेणार नाही, पण एक विलक्षण उदाहरण सांगते. साठीच्या पुढचा, तीस वर्षांहून जास्त खांद्याची हाडं सोडवणारा एक कामगार. साठ डोकी एकदम काकाकडे वळली. असा प्राणी गावात दुसरा नाहीच. बाई पुढे म्हणाल्या, "या माणसाला ताण म्हणून नाही. कारण तो आणि त्याचं काम एकच झालंय. अशा माणसाला कामापासून तोडणं म्हणजे मुळासकट उपटणं!"

डॅरिलने सॉसेज खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. "ऐकलंस, क्लॅरी? आणि मी मूर्ख तुला फाटकावर टाकायचा विचार करत होतो! तुझ्या तब्येतीशी खेळ झाला असता रे. बरं झालं, ती जागा माझ्या मेहुण्याला देऊन टाकतो."

मावशी उभी राहिली. "क्लॅरी, उजवा हात वर कर. आणि उघड."

"बस गं. सॉसेज गार होतंय."

"उघड म्हणते ना."

डॅरिलने विचारलं, "काही त्रास आहे का, क्लॅरी? असेल तर आत्ता सांग, सगळ्यांसमोर."

असं सगळ्यांसमोर विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. काकाने हात टेबलाखाली घेतला. "वाईट नाही," तो म्हणाला.

घरी आल्यावर मावशीने पातेलं फळीवर सगळ्यात वर ठेवून दिलं. "ठीक आहे. उद्यापासून मूठ तुझी तूच उघड. नाहीतर तुझ्या त्या डॉक्टरणीला बोलाव."

अकरा दिवस काकाने मूठ एकट्याने उघडली. कधी दातांनी, कधी सिंकच्या काठावर दाबून, एकदा तर दाराच्या फटीत बोटं अडकवून. मावशी समोर बसून टोस्टला लोणी लावायची, आणि लोणी संपलं तरी तिची सुरी कोरड्या पावावर कितीतरी वेळ फिरत राहायची. असा हट्ट म्हणजे मर्दपणा, असं आमच्याकडे शिकवतात. शाळेत नाही, पण बाकी सगळीकडे.

बाराव्या दिवशी मूठ अर्धीच उघडली. काका तसाच कामावर गेला आणि तेवढ्या फटीत सुरी खोचून रांगेत उभा राहिला. साडेनऊच्या सुमाराला, एका खांद्याच्या मध्यावर सुरी सुटली आणि स्पडच्या बुटाशेजारी टणकन आपटली. हातातून सुटलेली सुरी झेलायची नाही, ओरडायचं आणि मागे सरायचं, हा नियम. काका ओरडला नाही. भिंतीवर एक लाल बटण आहे, त्यावर चौतीस वर्षांची धूळ होती. ते त्याने कोपराने दाबलं.

साखळी थांबली. थुंकीच्या नळ्या गोळा करायला आलेला मी दारातच होतो. त्या शेडमध्ये एवढी शांतता असू शकते हे कुणाला माहीत नव्हतं. मेंढ्या नुसत्या झुलत होत्या. डॅरिल पांढरे गमबूट आपटत पळत आला.

"कुणी थांबवली?"

"मी."

"काय झालं, क्लॅरी?"

"वाईट नाही," काका सवयीने बोलून गेला. मग त्याने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि ती वळलेली मूठ डॅरिलच्या तोंडासमोर धरली. "फक्त हा उघडत नाही. चार वर्षं झाली. मला फाटकावर बसव, डॅरिल."

आता कुणीतरी आईला बोलावणार, असं मला वाटलं. पण रांगेतून स्पडचा आवाज आला. "त्या दिवशी माझं पेन घसरलं नव्हतं, डॅरिल."

"अरे पण तो अहवाल..." डॅरिल म्हणाला.

"अहवालाला उभा कर ना इथे," मागून कुणीतरी म्हणालं. "सोडवेल तो खांदे."

साठ माणसं हात खाली सोडून उभी होती. डॅरिलने एकदा काकाच्या हाताकडे पाहिलं आणि सात वेळा घड्याळाकडे. मग म्हणाला, "सोमवारपासून बस फाटकावर. आता चालू करा ती साखळी, देवाच्यान!" त्याचा मेहुणा शीतगृहात गेला. तिथेही ताण नाही, असं त्याला सांगण्यात आलं.

मावशीने पातेलं खाली काढलं. काका फाटकावर बसतो. ट्रकवाल्याने "कसं काय?" विचारलं की "वाईट नाही" म्हणतो आणि डाव्या हाताने दांडा वर करतो.

सहा महिन्यांनी डॉक्टर फेनेलांचं पत्र आलं. नंबर एकतीसने काम बदलल्यामुळे तो आता या संशोधनाच्या कामाचा राहिला नाही, त्याला यादीतून वगळावं. नंबर सतराने मात्र सहकार्य असंच चालू ठेवावं, त्याच्यावर वेगळा निबंध लिहायचा विचार आहे.

स्पडने दुसऱ्या दिवशी नळी आणून दिली. कापसाला तांबूस केस चिकटलेला होता. मी लेबल चिकटवलं.