बिनवासाचा गॅस आणि आमचे हे

फ्रिज रिपेअरिंगच्या दुकानात फोन उचलायला बसलं ना, की किस्से शोधत फिरावं लागत नाही. डीप फ्रीझरमध्ये बर्फ साचतो तसे ते आपसूक साचत जातात. आपण नुसतं दार उघडायचं, की एक तरी पायावर पडतोच!

डोंबिवलीत मानपाडा रोडला आमचं दुकान. ऐंशीच्या सुरुवातीला लग्न होऊन आले आणि मेंदी उतरायच्या आत काउंटरवर बसले. आमचे हे मुख्य मिस्त्री. हाताखाली दोघं. एक सबनीसकाका, मोठ्या कंपनीतून रिटायर झालेले, बोलणं एकदम पुस्तकी. दुसरा परशा भोईर, मानपाड्याचाच आगरी, तोंडानं फटकळ आणि मनानं सोनं. मी सगळ्यांची वहिनी, गिऱ्हाइकांचीसुद्धा.

फ्रिजमध्ये थंडाव्यासाठी भरायचा तो जुना गॅस बिचारा गरीब होता. पेटायचा नाही, भडकायचा नाही. मग नव्वदीत बातमी आली, की त्या गॅसनं म्हणे वर आभाळाला भोक पडतंय. आता दुसरा येणार. हे कंपनीच्या ट्रेनिंगला गेले आणि लांब चेहरा करून आले.

"नवा गॅस म्हणजे आपल्या शेगडीच्या गॅसचा भाऊच गं," हे म्हणाले. "थंड मस्त करतो. लाइटही कमी खातो. फक्त पेटतो."

"फक्त?"

"आणि त्याला वास नाही. शेगडीच्या गॅसला मुद्दाम घालतात, कळावं म्हणून. ह्याला नाही घालत."

"अहो, म्हणजे तुम्ही लोकांच्या फ्रिजमध्ये बॉम्ब भरत फिरणार?"

"बॉम्ब कसला! मूठभर तर असतो."

"मूठभर एका नवऱ्याला पुरतो!"

त्या दिवसापासून माझं देवाकडे एकच मागणं. सकाळी जसा धाडला तसाच माणूस संध्याकाळी परत यावा, भुवयांसकट. देवावर टाकून गप्प बसणाऱ्यातली मी नाही, म्हणून काउंटरवर नियमही केला. कामाला निघताना काडेपेटी, लायटर, सगळं माझ्याकडे जमा करायचं!

* * *

सबनीसकाकांकडे एक पितळी दिवा होता. जुन्या गॅसच्या काळात लीक शोधायला तो पेटवायचा आणि पाइपावरून फिरवायचा. गॅस गळत असला, की ज्योत हिरवी व्हायची. काकांनी उभी हयात त्या दिव्यावर काढलेली. रोज संध्याकाळी तो फडक्यानं पुसून ठेवायचे.

रामनगरात एका घरी नव्या गॅसचा फ्रिज. काकांनी चष्मा चढवला, पिशवीतून दिवा काढला आणि त्या घरच्या बाईंना अगदी गोड आवाजात म्हणाले, "ताई, जरा काडेपेटी मिळेल का?"

माझ्या नियमातली ही फट माझ्याही लक्षात आली नव्हती!

बरोबर गेलेल्या परशानं झडप घालून दिवा काढून घेतला.

"अरे परशुराम, ज्योतीचा रंग नको का पाहायला?" काका चिडले.

"काका, रंग दिसंल ना. पन बघायला आपन उरनार नाय!"

काका मटकन खाली बसले. दुकानात आल्यावर मी त्यांना साखर जास्त घालून चहा दिला, आणि खरं सांगते, एक कप मीही घेतला.

दुसऱ्या दिवसापासून लीक शोधायला साबणाचा फेस आला. जिथे बुडबुडा फुगेल तिथे गळती. फेस नीट लागावा म्हणून काकांनी घरून दाढीचा ब्रश आणला. एका घरच्या आजोबांनी ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काय हो, फ्रिजची दाढी करताय?"

"होय," काका शांतपणे म्हणाले. "पूर्वी चेहरा जाळायचो. आता दाढी करतो."

* * *

दुसरा मोठा शत्रू म्हणजे चहा!

डोंबिवलीच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर ते केवढं? फ्रिजचं दार उघडलं की शेगडीला लागतं. आणि मिस्त्री दारात दिसला, की बाई पहिली शेगडी पेटवणार. नको म्हटलं तर अपमान. "आमच्याकडचा चालत नाही वाटतं?"

म्हणून ह्यांनी पद्धत पाडली. चहा आधी, मग शेगडी बंद, खिडक्या उघड्या, मगच फ्रिजला हात. त्यापायी ह्यांना ॲसिडिटी झाली ती वेगळीच.

होळीला तिघंही टिळकनगरात एका कामाला गेलेले. दुपारपर्यंत यायला हवे होते. दुपार गेली, ऊन उतरलं, पत्ता नाही. त्या घरी फोन नव्हता. मी काउंटरवर बसून मनातल्या मनात नको नको ते बघून घेतलं. रस्त्यानं आगीच्या बंबाची घंटा वाजत गेली तेव्हा तर मला बसवेना. शटर ओढायला उठले, तर समोरून तिघं डुलत डुलत येताना दिसले.

"कुठे होतात?" मी रस्त्यातच ओरडले.

"अगं, त्या घरच्या बाईंच्या पुरणपोळ्या तव्यावर होत्या," हे म्हणाले. "शेगडी बंद करा म्हटलं, तर म्हणाल्या पुरण संपल्याशिवाय नाही करणार."

"मग?"

परशानं ढेकर दिला. "मंग काय वैनी, आमी संपवला!"

* * *

नव्या गॅसला हात लावायची अक्कल नसलेलेही पुष्कळ निघाले. कुणीतरी घरच्या सिलिंडरमधलाच गॅस जुन्या फ्रिजमध्ये कोंबायचा आणि "स्वस्तात काम केलं" म्हणून मिरवायचा.

कल्याणला स्टेशनजवळ एका पानवाल्यानं असाच आपला कोल्ड्रिंकचा कूलर भरून घेतलेला. दोनच दिवसांत थंड होईना, म्हणून आम्हाला बोलावलं. ह्यांनी वाकून पाइपाशी नाक नेलं, तर शेगडीच्या गॅसचा वास. मान वर केली, तर कूलरच्या डोक्यावरच सिगारेटवाल्यांसाठी टांगलेला पेटता काथ्या, मस्त धुमसतोय!

ह्यांनी बर्फाच्या पेटीतलं पाणी तांब्यानं उचललं आणि काथ्यावर ओतलं.

"अरे, माझं गिऱ्हाईक!" पानवाला किंचाळला.

"गिऱ्हाईक राहील," हे म्हणाले. "तूही राहशील. दुकानाचं मला सांगता येत नाही."

कूलर रस्त्यावर मोकळ्या हवेत नेऊन सगळा गॅस सोडला, तोवर परशा हात पसरून लोकांना अडवत उभा. एकजण तोंडात सिगारेट धरून पुढे आला, तर परशा म्हणतो, "दादा, पेटवाचीच हाय तर उल्हासनगरला जाऊन पेटव!"

पानवाल्याला ते एवढं लागलं, की नंतर त्यानं पाटीच लावली. "सिगारेट येथे मिळेल. पेटवणे समोरच्या दुकानात." समोरचं दुकान त्याच्या सख्ख्या चुलतभावाचं होतं, आणि दोघांचं बोलणं बंद होतं.

* * *

ह्यांची स्वतःची सिगारेट हा माझ्या जिवाला घोर. सासूबाईंनी शपथा घातल्या, मी अबोला धरला, काही उपयोग नाही. काडेपेटी माझ्याकडे ठेवायचे, पण न पेटवलेली सिगारेट ओठात धरून काम करायचे. "नुसती धरली की हात चालतो गं," म्हणायचे.

खडवलीला एका रिटायर्ड हेडमास्तरांच्या घरी काम निघालं. फ्रिज ओसरीवर काढलेला, हे अंगणात नळी सोडून गॅस बाहेर घालवतायत, ओठात कोरडी सिगारेट. हेडमास्तरांना वाटलं, बिचाऱ्याचे दोन्ही हात अडकलेत. ते मायेनं जवळ आले, खिशातून काडेपेटी काढली, फर्रकन काडी ओढली आणि ओंजळीत धरून ह्यांच्या तोंडासमोर आणली!

ह्यांनी छातीत होता नव्हता तेवढा वारा घेऊन फुंकर मारली. काडी विझली. आणि सिगारेट सुटली ती थेट हेडमास्तरांच्या कपाळावर!

"काय हा उद्धटपणा!" हेडमास्तर गरजले. त्यांना सगळं समजावून सांगितल्यावर मात्र तेच ओसरीवर आडवे झाले. त्यांना ह्यांनीच पाणी पाजलं.

संध्याकाळी घरी आले आणि पाकीट सरळ कचऱ्यात टाकलं.

"सोडली," म्हणाले.

मला खरंच वाटेना. "अहो, एवढी वर्षं आम्ही सांगून थकलो. आज काय झालं?"

"काही नाही गं. लोक फार अगत्याचे आहेत."

मी देवापाशी साखर ठेवली. त्या हेडमास्तरांना मी आजही मनातल्या मनात नमस्कार करते.

* * *

ठाण्याला खाडीकाठच्या कोळीवाड्यात आमचं एक जुनं गिऱ्हाईक. मासळी ठेवायला घरात मोठा आडवा फ्रीझर, नव्या गॅसचा. घरच्या पाहुण्यांसारखं करायचे आमचं, म्हणून त्यांच्या नातवाच्या हळदीला आम्ही दोघं आणि परशा, असे गेलेलो.

भर दुपार. नवरामुलगा पुढच्या खोलीत पाटावर, अंगभर हळद. बायका गाणी म्हणतायत. बाहेर मांडव, मागच्या अंगणात चुलीवर मटण. हे आणि परशा मांडवात बसलेले, मी आत बायकांत. मधल्या खोलीत नवऱ्याची मावशी फ्रीझरमधली सुरमई काढत होती. बर्फात मासा घट्ट रुतलेला. तिनं काय केलं, घेतला कोयता आणि हाणला!

मासा निघाला. त्याच्या मागोमाग आवाज आला, सूंऽऽऽ.

"साप, साप!" मावशी ओरडली. पण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. कोयता बर्फातून थेट आतल्या गॅसच्या नळीत गेलेला.

"अहो!" एवढंच माझ्या तोंडातून निघालं.

हे धावत आत आले. आधी ओवाळायच्या ताटातलं निरांजन चिमटीत विझवलं. मग ओरडले, "सगळे बाहेर! पंखा, दिवा, कुठल्याच बटणाला हात लावू नका. परशा, मागची चूल विझव आणि ओटीवरचा मेन स्विच पाड!"

परशानं घागरच उपडी केली चुलीत. बायका-पोरं भराभर मांडवात आली. मलाही कुणीतरी ओढून बाहेर काढलं. आत राहिले हे आणि नवरामुलगा. कारण दाराच्या मधोमध मावशी हात पसरून उभी!

"हलद लागलेला नवरा उंबरठा वलांडत नाय! वरातीलाच निंगल तो भायेर!"

"मावशी, आत गॅस साचतोय. वास येत नाही म्हणून कळत नाही तुम्हाला," हे आतून विनवत होते.

"तू जा ना भायेर! तुला कोनी धरलाय?"

"पोरगा आत असताना मी कसा जाऊ?"

नवरामुलगा उठायचा, मावशीकडे बघायचा, परत बसायचा. माझं डोकं फिरलं. मी ओरडत होते, "अहो, तुम्ही तरी या! आधी तुम्ही या!" हे ऐकतील तर शपथ. मला रडू फुटलं, आणि कुणी बघतंय ह्याचं भानही राहिलं नाही.

तेवढ्यात नवऱ्याची आजी पदर खोचून पुढे आली. ती मावशीवर कडाडली, "काय गो, उंबरठाच नाय ना वलांडाचा? मंग खिरकीला कनचा उंबरठा हाय?"

झालं! पिवळाजर्द नवरा खिडकीतून डोकं काढून बाहेर आला. परशानं खाली वाळत घातलेली जाळी धरली, त्यात तो धपकन पडला. बेंजोवाल्यांनी आनंदाच्या भरात वाजवायला सुरुवात केली.

मग ह्यांनी आत सगळ्या दारं-खिडक्या सताड उघडल्या. खाडीचा वारा मागच्या दारानं शिरून पुढच्या दारानं बाहेर पडायला लागला. तेवढा वेळ मी देवाशी जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. मग हे पुढच्या दारातून घाम पुसत आले.

"संपला गॅस," म्हणाले. "वारा छान आहे इथे."

मी पर्सनं मारलं त्यांना, आणि तशीच दंडाला धरून रडले. सगळा मांडव हसत होता. हसता हसता बायकाही डोळे पुसत होत्या.

आजीनं नवऱ्याची उरलेली हळद ओंजळीत घेतली आणि ह्यांच्या तोंडाला, कानाला, गळ्याला फासली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता ह्याला पन घराभायेर सोरू नको गो, बाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हे नेहमीसारखी पिशवी खांद्याला लावून निघाले. कान अजून पिवळेच होते. फोन वाजला. गिऱ्हाईक घाईचं होतं. "वहिनी, मिस्त्रींना लगेच पाठवा हो, फ्रिज बंद पडलाय!"

मी ह्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली.

"परशाला पाठवते," मी म्हटलं. "हे आज नाही येणार."

"का हो, बरं नाही का त्यांना?"

"चांगले ठणठणीत आहेत," मी म्हटलं. "पण त्यांना हळद लागलीय!"