थोरल्या जाऊबाई, कागदावर धाकट्या

गेल्या मंगळवारी बारामतीत, एसीच्या गार हवेत बसून माझा जळून कोळसा झाला... कारण काय, तर प्रवास विमा.

माझी लेक दीपा कॅनडात असते. तिनं तिथं घर घेतलं त्याला बरीच वर्षं झाली, पण मी अजून त्या घराचा उंबरा बघितलेला नाही. कधी ह्यांचं आजारपण, कधी ऊसतोड, कधी व्हिसा... या खेपेला सगळं जुळून आलं आणि सहा महिन्यांसाठी जायचं ठरलं.

दीपाची अट एकच. विमा काढल्याशिवाय विमानात बसायचं नाही. तिकडे चार दिवस दवाखान्यात पडायची वेळ आली तर बिल भरता भरता तिचं घर विकावं लागेल म्हणे.

नेमक्या त्याच वेळी आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, निघाल्या ऑस्ट्रेलियाला मुलाकडे. तिसऱ्यांदा. लासुर्ण्यात आमची घरं शेजारी शेजारी, त्यामुळे मागच्या दोन वाऱ्यांचे फोटो मी इतक्यांदा बघितलेत की तो कांगारू आता मला ओळखत असेल. हो, वाटतो मला हेवा... कशाला लपवू?

तर दोघी एकाच गाडीनं बारामतीला गेलो. विमा काढून देणाऱ्या मॅडमनी आमचे पासपोर्ट बघितले आणि म्हणाल्या, अक्कांचं लगेच होईल, तुमचं जरा अवघड आहे... तुम्ही सत्तरीच्या पुढच्या. पॉलिसी मोजक्याच, हप्ता जास्त, शिवाय तपासण्या.

आता यातली गंमत ऐका. अक्का माझ्यापेक्षा चांगल्या तीन वर्षांनी मोठ्या आहेत. पण आमच्या लहानपणी जन्मतारीख कुणाला ठाऊक होती? गुरुजी म्हणायचे, डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांची, लिही एक जून.

मी आधीच उंच, त्यात हात लांब. चौथ्या वर्षीच कान धरला आणि शाळेत जाऊन बसले. अक्का बुटक्या. त्यांच्या माहेरी, कोऱ्हाळ्यात, त्यांना दर वर्षी परत पाठवायचे... हात पुरेपर्यंत त्या आठ वर्षांच्या झाल्या होत्या. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत थोरलेपणाचा मान त्यांचा, आणि कागदावर म्हातारी मी.

मॅडमचं ते ‘सत्तरीच्या पुढच्या’ ऐकून अक्का गालातल्या गालात हसल्या. तिथं माझं डोकं फिरलं.

मग मॅडमनी आजारांचं विचारलं. आधीचा आजार लपवला आणि तिकडे काही झालं, तर विमा कंपनी पैसे देणार नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. अक्का म्हणाल्या, जरा गुडघं दुखत्यात, बाकी काय न्हाय.

आणि मी, वर्षानुवर्षं मधुमेहाच्या गोळ्या खाणारी बाई, ताठ मानेनं म्हणाले, मला तर गुडघ्यांचाही त्रास नाही.

का म्हणाले? अक्का शेजारी होत्या म्हणून. त्यांचं वय कमी, त्यांचा हप्ता कमी, त्यांची तिसरी फेरी... निदान तब्येतीत तरी मी वरचढ असायला नको का? समोर दीपाचं घर पणाला लागलंय, हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही.

मॅडम पैसे भरून घ्यायच्या बेतात होत्या. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, आमी जरा पाणी पिऊन येतो. माझा दंड धरून त्यांनी मला बाहेर गॅलरीत आणलं.

"शैला, साखरंचं का सांगितलं न्हाईस?"

ही गोष्ट मी लासुर्ण्यात कुणालाच कळू दिली नव्हती. तुम्हाला कुणी सांगितलं, म्हटलं.

"कोण कशाला सांगंल? मीबी त्याच साखरंच्या डॉक्टरकडं जाती. तुला एकदा आत जाताना बघितलं, आन् तू बाहेर पडंस्तोवर समोरच्या रसवंतीत बसून ऱ्हायले." वर म्हणाल्या, "रस न्हाय पेले."

म्हणजे अक्कांनाही मधुमेह होता... आणि त्यांनीही आत सांगितला नव्हता. मी तसं विचारल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू शेजारी बसली हुतीस न्हवं."

दोघी जणी गॅलरीत उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसलो. मग अक्काच गंभीर झाल्या. "आपलं ऱ्हाऊ दे बाई. तितं काय झालं तर पोरांनी काय करायचं?" आणि माझ्या आधी आत जाऊन त्यांनी स्वतःची साखर सांगितली. मग माझीही.

दोघींच्याही तपासण्या झाल्या, हप्ते वाढले. माझा त्यांच्यापेक्षा जास्तच... पण काल पॉलिसी हातात आली.

दीपाला व्हिडिओ कॉल करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुला शुगर आहे?" तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते. मी काहीतरी समजावायला गेले, तर म्हणाली, "मोठ्या आईला फोन दे."

फोन घेऊन मी शेजारी गेले. त्या दोघी बराच वेळ बोलल्या. अक्कांना ती थँक्यू म्हणाली, तू होतीस म्हणून कळलं म्हणाली, आईकडे लक्ष ठेव म्हणाली... आणि मी दारात उभी राहून, स्वतःच्याच लेकीपायी, पुन्हा जळत होते.

थँक्यू मी मात्र अजून म्हटलेलं नाही. तोंडावर म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून इथं लिहिते. अक्का माझ्या पोस्टला कधी लाइक करत नाहीत, पण वाचतात सगळ्या... थँक्यू, अक्का.